कोरडं केलं का?

माझं काम संपलं की ती उठायची. मी पदराला हात पुसत असायची तोवर ती सिंकपाशी यायची आणि उजव्या हाताचं बोट आतून फिरवायची, कडेपासून थेट जाळीपर्यंत. मग ते बोट खिडकीच्या उजेडात धरून पाहायची. बोट ओलं निघालं तर म्हणायची, "कोरडं केलं का?"

ओलं बोट माझ्या नाकासमोर असायचं, तरी विचारायची. 'नाही' हे माझ्या तोंडून निघाल्याशिवाय तिला बरं वाटत नसे.

"पाण्याचं सिंक आहे आजी, पाणी त राहीनच," मी म्हणायची.

"तुहं तोंड बी पाण्यानंच धुते ना? मंग पुसते कायले?"

मी नागपुरात आयुष्यभर लोकांची भांडी घासली. तुमच्या घरीही माझ्यासारखी कोणी येत असेल. मग तुम्ही पाहिलं असेल, ती निघून गेली की घरातले लोक भांडी तपासतात. गंज, पातेली उलटी करून पाहतात, वाटीला तेल राहिलं का ते पाहतात. सिंक कोणी पाहत नाही. सिंक म्हणजे घाण जायची जागा, ती स्वच्छ असायची काय गरज, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. ही म्हातारी मात्र भांडी पाहत नसे, सिंक पाहायची.

तिला म्हातारी म्हणते म्हणून रागावू नका. तोंडावर मी तिला आजीच म्हणायची, कारण घरात सगळे तेच म्हणत. नात बाहेरगावी शिकायला गेली, पण आजी हे नाव मागे राहिलं. खरं म्हणजे ती माझ्याहून दहाएक वर्षांनीच मोठी होती. मला ती पोरी म्हणायची. त्या पोरीला तेव्हा दोन नाती होत्या.

घर जरीपटक्याच्या पुढे, एका फ्लॅट स्कीममध्ये, तिसऱ्या माळ्यावर. मुलगा आणि सून दोघं नोकरीवर जात. दिवसभर म्हातारी एकटी. सकाळी मी दीड तास असायची, तेवढीच तिला बोलायला सोबत.

पहिल्या दिवशी मी तारेची घासणी घेऊन सिंकात हात घातला आणि तिने माझं मनगट धरलं. हाडकुळा हात, पण पकड पहा, पोलिसासारखी.

"थांब. आधी रेघ पाय."

"कोणती रेघ?"

"वाक. अजून वाक. आता दिसते का?"

मी वाकले. स्टीलवर बारीक रेघा होत्या, केसाहून बारीक, सगळ्या एकाच बाजूला जाणाऱ्या. इतकी वर्षं स्टील घासलं, पण त्याला रेघ असते हे मला ठाऊक नव्हतं.

"कापडाले कसं उभं-आडवं असते, तसंच हे. रेघेनं चालशीन त चमकन. आडवी गेली त ओरखडा पडन. मंग ओरखड्यात मळ बसते, आन् मळ आपल्या बापाचं आयकत नाई."

तारेची घासणी तिने माझ्यादेखत कचऱ्यात टाकली. तिचं म्हणणं, घासणीचा एक बारीक तुकडा जरी सिंकात राहिला तरी दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचा ठिपका दिसतो, आणि लोक म्हणतात स्टील गंजलं. "स्टील नाई गंजत वं. त्याले दुसऱ्याचा गंज लागते."

तिचे असे कितीतरी नियम होते. आधी जाळीतलं खरकटं काढ, चहापत्ती सिंकात झाडू नको. जाळी उचलून तिच्या खालची कडा घास, वास तिथूनच येतो. ओला तवा सिंकात ठेवून जाऊ नको. लोणच्याच्या बरणीचं झाकण तर नकोच, मिठाने काळे ठिपके पडतात आणि ते आत जातात, घासून निघत नाहीत. संडासचं ॲसिड सिंकाजवळ आणायचं नाही, बाटलीसुद्धा नाही. मऊ फडकं, थोडा साबण, कोमट पाणी. कोपऱ्यात बोट गुंडाळून फडकं फिरवायचं. शेवटी कोरडं.

तिच्या फ्लॅटला बोअरचं पाणी होतं. तुम्हाला माहीत असेल, ते पाणी वाळलं की पांढरा थर सोडतं. म्हणून तिचा सगळा जीव कोरडं करण्यात. "डाग पाण्याचा नसते पोरी, वाळलेल्या पाण्याचा असते. वाळू द्याचंच नाई, आपणच पुसून घ्याचं." तरी थर दिसलाच तर पिळून झालेल्या लिंबाच्या फोडी ती वाटीत जपून ठेवायची. फोडीवर खायचा सोडा घ्यायचा, रेघेने चोळायचं, मी झाडून येईपर्यंत तसंच ठेवायचं, मग धुवायचं. त्या सिंकात मला माझं तोंड दिसायचं. मला ते पाहायची हौस नव्हती, पण दिसायचं.

घासणं आणि पहिलं पुसणं माझं, शेवटचं पुसणं तिचं. त्यासाठी तिच्या नवऱ्याच्या जुन्या धोतराचं फडकं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. ते खिडकीच्या खिळ्याला अडकवलेलं असायचं आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी एकदा त्याने ओटा पुसला तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी रुसली होती, तुले समजलं का?"

"नाही."

"मंग वाया गेलं."

त्या घरात तिला दुसरं काही काम नव्हतं. एकदा तिच्या हातून गॅस सुरू राहिला होता, तेव्हापासून स्वयंपाक बंद. झाडू-पोछा माझा. कपडे मशीनचे. देवपूजा मुलाची. उरलं ते सिंक. "ह्या घरात माहं येवढंच हाय," असं ती म्हणायची. हसून म्हणायची. मी कधी हसले नाही. मला काम जास्त होतं म्हणून हसले नाही, कळलं होतं म्हणून नाही.

मग मुलाने आणि सुनेने नवं किचन करायला काढलं. जुना ओटा फोडला, भिंतीला कपाटं लावली आणि जुनं सिंक काढून टाकलं. भंगारवाला वर आला, त्याने ते उचललं आणि खाली नेऊन हातगाडीवर पालथं टाकलं. म्हातारी गॅलरीतून पाहत होती. तिसऱ्या माळ्यावरून ओरडली, "उलटं नको ठेवू गा! घासलं जाते!"

भंगारवाल्याने वर पाहिलं, हसला आणि गाडी ढकलली.

"येवढ्या वर्षांत एक आडवी रेघ नाई त्याले," ती मला म्हणाली. मी म्हटलं, आता कशाला त्याचं. ती आत गेली.

नवं सिंक मोठं होतं, खोल, चमक नसलेलं, दुधाच्या सायीसारखं. त्याची रेघ इतकी बारीक की म्हातारीने चष्मा लावून, बॅटरी धरून शोधली. सापडली तेव्हा खूष झाली. नव्या सिंकालाही तिने हळद-कुंकू लावलं आणि ते पहिल्या खरकट्याबरोबर वाहून गेलं.

सुनेचे नियम वेगळे होते. कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, फक्त लिक्विड आणि स्पंज. लिंबू नाही, सोडा नाही. "आई, ते जुनं होतं, चालून जायचं. हे महागाचं आहे." धोतराचं फडकं तेवढं खिळ्यावर राहिलं, कारण खिळा खिडकीचा होता आणि खिडकी बदलली नव्हती.

सून वाईट नव्हती. हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाही. माझा पगार तिने कधी अडवला नाही. पण आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याला येतं, हे तिला आवडत नसे. तसं तर कोणाला आवडतं?

पाणी तेच होतं, बोअरचं. सकाळी म्हातारी पुसायची, पण संध्याकाळी सून यायची, हात धुवायची, कप विसळायची आणि तसंच सोडायची. दोन महिन्यांत नव्या सिंकावर पांढरा थर चढला. लिक्विडने तो काही हलत नव्हता. एका बुधवारी सून कामावर निघताना म्हणाली, "रविवारी माझ्या ऑफिसच्या बायका किचन पाहायला येऊन राहिल्या, आणि सिंक असं! आई, तुम्ही तर म्हणता मला सगळं येते."

म्हातारीने थरावर बोट फिरवलं. सून गेल्यावर मला म्हणाली, "राख भेटन का वं कुठी?"

"राख कशाला?"

"लिंबू नको म्हणते, सोडा नको म्हणते. राखीचं नाव नाई घेतलं तिनं." आणि डोळे बारीक करून हसली. रामटेककडच्या खेड्यातली ती. लहानपणी विहिरीपाशी दगडावर बसून पितळेची भांडी राखेने घासलेली. "चुलीची राख चाळून घेतली ना, त लोण्यासारखी असते. मंग पाय, कशी चमकते त."

नागपुरात आता चूल कुठे आहे? माझी मुलगी मौद्याला दिली आहे. गुरुवारी मी तिच्याकडे जाणार होते, तर म्हटलं आणते. तिच्याकडेही गॅस. पण तिच्या घरामागे राखेच्या विटा पाडतात. वीजघरातली दगडी कोळशाची राख ट्रकने येते आणि तिथे ढीग पडलेला असतो. करडी, वरून पिठासारखी मऊ. मी एक पिशवी भरून घेतली. चाळली नाही.

शुक्रवारी म्हातारीने पिशवी उघडली. चिमूटभर राख घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. तिला सर्दी झाली होती.

"चुलीची होय ना?"

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले? अजून तीन घरं व्हायची होती. नाही म्हटलं असतं तर कुठली, कशाची, कोणी दिली, हे सगळं सांगत बसावं लागलं असतं. राख म्हणजे राख, असं माझं तेव्हा मत होतं. त्या एका शब्दामागे दुसरं मोठं कारण काही नाही. असतं तर मी सांगितलं असतं.

शनिवारी सून बाजारात गेली होती. मी बाहेरच्या खोलीत झाडत होते. आतून आवाज आला. राखेने घासल्याचा आवाज मी जन्मापासून ऐकला आहे, तो मऊ असतो, सुपात धान्य हलवल्यासारखा. हा तसा नव्हता. भाकरीत खडा लागावा तसा होता. मला कळलं. मी झाडू ठेवून आत जायला हवं होतं. पण कचरा अर्धा गोळा झाला होता, पंखा सुरू होता, तो पुन्हा पसरला असता. मी आधी कचरा भरला.

आत गेले तेव्हा तिने पाणी ओतलं होतं आणि धोतराच्या फडक्याने पुसलंही होतं. पांढरा थर पार गेला होता. त्या जागी तळभर गोल गोल ओरखडे होते, एकात एक, जसे पाण्यात दगड टाकल्यावर निघतात.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती.

"गोल फिरला वं," ती म्हणाली. "राख हातात आली आन् हात गोलच फिरला. माह्या मायनं शिकवला होता तसा."

पितळेला रेघ नसते. पितळ गोलच घासतात. माझं मनगट धरून जिने मला रेघ दाखवली, तिचा हात राख लागताच साठ-पासष्ट वर्षं मागे गेला. आणि त्या राखेत खर होती, न चाळलेली बारीक कच. नुसती खर असती आणि हात रेघेने गेला असता, तर ओरखडे रेघांत लपले असते. हात गोल गेला असता आणि राख चुलीची असती, तर ओरखडे पडलेच नसते. दोन चुका होत्या. एक तिची, एक माझी. तिची तळाशी काढलेली दिसत होती.

तिने खोबरेल तेलाचा हात फिरवला. घटकाभर लपलं, मग पुन्हा दिसू लागलं.

सून आली. पिशव्या हातात तशाच धरून सिंकासमोर उभी राहिली.

"आई, हे काय केलं?"

"राखीनं घासलं."

"राख? राख कुठून आणली तुम्ही?"

मी दारात चप्पल घालत होते. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं नाही. ठरवून पाहिलं नाही, हे मला दिसलं.

"खाली भेटली."

"खाली कुठे? स्कीममध्ये राख कुठून आली?"

"भेटली म्हणते ना."

मग सून माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्हाला माहीत आहे का?"

त्या स्कीममध्ये माझी चार घरं होती. एक घर गेलं की बाकीची जायला वेळ लागत नाही, बायका फोनवर बोलतात. आमच्याबद्दल तर आधी बोलतात. हे मी उभ्या उभ्या मोजलं. एक चप्पल पायात होती, एक नव्हती.

"मला नाही माहीत ताई. मी झाडून राहिली होती."

झाडत होते हे खरं होतं.

सुनेने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. तिने मुलाला फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, आईंचं काही खरं नाही. कचऱ्यातली राख उचलून आणली त्यांनी." आधी गॅस, आता हे. दोघांनी मिळून ठरवलं की आईला आता कळत नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने वार विचारला, तिने बरोबर सांगितला. देशाचा पंतप्रधान विचारला तर म्हणाली, "तुम्हाले नाई माहीत का?" गोळ्या लिहून दिल्याच.

किचनमध्ये जायची तिला मनाई झाली. ताट खोलीत जाऊ लागलं. धोतराचं फडकं खिळ्यावरून गेलं, त्या जागी गुलाबी, पाणी शोषणारं नवीन आलं. जुन्याचं काय झालं ते मला माहीत आहे, कारण कचरा मीच खाली नेते.

तिला कोणी उपाशी ठेवलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं असतं तर सगळं नीट आहे असंच कोणीही सांगितलं असतं. ती पलंगावर बसायची. जेवण झालं, ताट मी धुऊन आणलं की पदराने पुन्हा पुसायची, पुसलेलं पुन्हा पुसायची. भांड्यांचा आवाज थांबला की खोलीतून हाक यायची, "पोरी, कोरडं केलं का?"

"केलं आजी."

बहुतेक वेळा केलेलं नसायचं. बोट फिरवायला ती येणार नव्हती.

एकदा मी तिच्या पलंगाखाली पोछा मारत होते. वाकलेली होते, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. वरून आवाज आला.

"चुलीची नव्हती ना थे?"

"काय?"

"राख."

घरात दुसरं कोणी नव्हतं. सून कामावर, मुलगा कामावर. म्हातारी कोणाला सांगणार नव्हती; सांगायचं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मी खरं बोलले असते तर माझं काही जाणार नव्हतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की आपला हात आणि आपलं डोकं जागेवर आहे, राखच खोटी होती. गोळ्या तिने खिडकीतून फेकल्या असत्या.

मी पोछा पिळला. "चुलीचीच होती आजी," मी म्हणाले.

वर पलंग करकरला.

"मंग माह्याच हाताची चूक," ती म्हणाली.

एकदा खोटं बोललं की ते परत घ्यायला जास्त जोर लागतो, आणि माझ्या अंगात त्या दिवशी तेवढा जोर नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. असं करत करत नऊ महिने गेले. शेवटी शेवटी ती कोरडं केलं का, हेही विचारेनाशी झाली. उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसायची. उन्हाळा लागायच्या आत गेली. त्या दिवशी मी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा सिंकात पाहुण्यांचे चहाचे कप भरलेले होते. ते घासले.

तेराव्याला बायका येणार म्हणून सुनेने ओरखड्यांवर रबराची जाळीदार चटई टाकली. दिवाळीच्या आधी तिने सिंकच बदललं. मला म्हणाली, "मावशी, हे तुम्ही नेता का? नाही तर भंगारात जाईल. आईंनी खराब केलं ते."

नेते म्हणाले. ऑटोत मांडीवर घेऊन बसले. सरळ धरलं, पालथं नाही. वजन होतं, मांड्या दुखल्या.

आमच्या घरी मोरी होती, सिंक कधी नव्हतं. जावयाने मौद्याहून विटा आणल्या, त्याच राखेच्या, आणि कोपऱ्यात दोन थर रचून त्यावर ते बसवून दिलं. गुळगुळीत, एकसारख्या विटा. चांगल्या निघाल्या.

माझी सून म्हणते, "आई, सिंक पुसत जा ना वं. पांढरं होऊन राहिलं."

पुसत नाही. सिंक ओलं असलं की तळाशी काही दिसत नाही. कोरडं केलं की ते गोल वर येतात, एकात एक. म्हणून मी नळ पुरता बंद करत नाही. थेंब थेंब पडू देते.